तुटलेल्या जागेचं अंतर

पोखर्णीच्या सिद्धम्मा मावशींचं नेट बंद पडलं होतं. भर दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून मी फायबरला मशीन लावलं. शेताच्या वाटेनं येणारी ती तार घरापासून किती मीटरवर तुटली, ते मशीन दाखवतं.

आठशे दाखवलं. मी बॅग उचलेपर्यंत सातशे साठ झालं. मग सातशे दहा.

"मशीनला येड लागलंय," मी वैतागलो. "तुटलेली जागा कुठं चालत येती का, मावशी?"

"आता किती हाय?"

"साडेतीनशे." आकडा तिथंच थांबला.

"लिंबाखाली बसले असतील," त्या म्हणाल्या. "शेतातून जेवायला यायचे तवा तिथंच दम खायचे."

मावशींच्या नवऱ्याला, नागप्पाकाकांना, जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या मातीला मीपण होतो.

मी तार काढली, टोक पुसलं, पुन्हा जोडली. तीनशे. दोनशे.

मावशींनी माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला. "आज लय उशीर केला," एवढंच पुटपुटल्या.

चाळीस. दहा. अंगणात नुसतं ऊन होतं.

शून्य.

मावशींनी डोक्यावर पदर घेतला.