परातीचा काठ

साधना मॅडमनी परातीतल्या पाण्यात दोन बोटांनी दोन भोवरे फिरवले. एका भोवऱ्यात धानाचा साधा भुसा होता, दुसऱ्यात कुंकवानं रंगवलेला. शाळेच्या व्हरांड्यात सगळं बोरटोला गाव माना पुढे करून पाहत होतं.

"ही मोठी आकाशगंगा," मॅडम म्हणाल्या. "ही लहान. दोघी एकमेकींकडे ओढल्या जातात. आरपार निघतात, लांब जातात, पुन्हा ओढल्या जातात. असं कोट्यवधी वर्षं चालतं. शेवटी दोन उरत नाहीत. एकच उरते, आधीपेक्षा मोठी."

"टक्कर झाल्यावर फुटत नाई का वं?" रुखमाबाईनं विचारलं. तिचा नातू दुसरीत होता.

"तारे फुटत नाहीत, बाई. दोन ताऱ्यांच्या मधे इतकी जागा असते, की ते एकमेकांना लागतच नाहीत. उलट मधला वायू दाबला जातो आणि त्यातून नवे तारे जन्मतात."

खुर्चीवरच्या साहेबांनी मान डोलावली. ते तालुक्याहून आले होते. बोरटोल्याच्या शाळेत मुलं कमी, म्हणून ही शाळा जंगलापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करायची होती. त्याला गावाचा होकार हवा होता. मागच्या सभेत गाव नाही म्हणालं होतं. आज साहेबांनी बोलायचं काम मॅडमवर सोपवलं होतं.

मॅडमनी चंद्रपूरला भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं. इथे सगळे वर्ग एका खोलीत आणि प्रयोगाला मेणबत्ती. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा होती, दुर्बीण होती. तिथली विज्ञानाची जागा त्यांना मिळणार होती. मुलांचं भलं तिथेच आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. सगळ्यांत जास्त दीपालीचं.

दीपाली सहावीत होती. ग्रहणाच्या दिवशी गाव दारं लावून घरात बसलं, तेव्हा ही पोर अंगणात चाळणी धरून उभी होती. चाळणीच्या प्रत्येक भोकातून खाली एकेक चंद्रकोरीसारखा सूर्य पडला होता आणि ते दाखवायला ती आईला हाताला धरून बाहेर ओढत होती.

"वाघाचा रस्ता आहे, मॅडम," दीपालीचा बाप लटारू म्हणाला. "मागच्या साली त्याच रस्त्यावर माहा बैल गेला. पोट्टीले कसं पाठवाव?"

"जीप येईल, लटारूभाऊ," साहेब म्हणाले. "दारातून नेईल, दारात सोडेल."

"अन् जीप पंक्चर झाली तं? वाघाले चिठ्ठी द्याची का, का बाबा आज तू बी सुट्टी घे?" मागून कोणीतरी बोललं. सगळे हसले. साहेबही हसले. लटारू हसला नाही.

मॅडमनी परात हलकेच फिरवली. दोन भोवरे एकमेकांत शिरले, सुटले, पुन्हा शिरले. पाहता पाहता एकच मोठा फेर झाला, साधा आणि लाल भुसा मिसळून गेलेला. रुखमाबाईनं तोंडाला पदर लावला. थोडा भुसा मात्र बाहेर फेकला जाऊन परातीच्या काठाला चिकटला होता. मॅडमनी काठावरून सहज बोट फिरवलं. काठ स्वच्छ झाला.

"मॅडम," पुढच्या रांगेतून दीपाली म्हणाली, "सगळेच तारे येतेत का नव्या आकाशगंगेत?"

लटारू मुलीकडे पाहत नव्हता, मॅडमकडे पाहत होता. साहेबही.

मॅडमना उत्तर माहीत होतं. अशा टकरीत काही तारे बाहेर फेकले जातात. मग ते ना जुन्या आकाशगंगेचे राहतात, ना नव्या. एकटेच अंधारात फिरत राहतात.

"सगळे येतात," मॅडम म्हणाल्या. "एकही मागे राहत नाही."

होकाराचा पहिला हात लटारूनं वर केला.

जुलैत मोठ्या शाळेचं वर्ष सुरू झालं. जीपही आली. मग मोठा पाऊस झाला, नाल्यावरचा ठेंगणा पूल, रपटा, वाहून गेला आणि जीप बंद झाली. थोराड पोरं टोळी करून, डबे बडवत जंगलातून येऊ लागली. पोरी आल्या नाहीत. साहेबांनी परातीच्या प्रयोगाचा व्हिडिओ सगळीकडे पाठवला होता. जिथे गाव अडून बसलं असेल तिथे हाच प्रयोग करा, असं त्याखाली लिहिलं होतं.

एका रविवारी मॅडम स्कुटी नाल्याअलीकडे ठेवून पाण्यातून चालत बोरटोल्याला गेल्या. दीपाली आईबरोबर धानाच्या शेतात, बांधीत होती. गुडघाभर चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, लावत होती.

"मी बाबांशी बोलते," बांधावरून मॅडम म्हणाल्या. "दुर्बिणीतून शनीची कडी दिसतात, दीपाली. तू यायलाच हवं."

"नाई म्हंते बाबा. परवा रस्त्यावर पंजे दिसले."

"मला वाटलं होतं गं, सगळ्या याल. खरंच वाटलं होतं."

दीपाली सरळ झाली. तिनं हातातली पऱ्ह्यांची जुडी कमरेशी धरली.

"परातीच्या काठाले भुसा लागला होता, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही बोटानं पुसला, ते मी पाह्यलं. म्हनूनच तं इचारलं होतं. बाबा तुमचं ऐकते, म्हनून. तुम्ही खरं सांगतलं असतं, तं त्यानं हात वर केला नसता."