दुसरं पाकीट

आखातातल्या फुजैराच्या नगरपालिकेला गटारांचा आराखडा बाहेरच्या इंजिनिअरांकडून करून घ्यायचा होता. मी ड्रायव्हर, आमच्या कंपनीची दोन पाकिटं मीच नेऊन दिली. पहिल्यात माणसांची माहिती, दुसऱ्यात किंमत. माणसं पसंत पडली तरच दुसरं उघडतात. पहिल्यात फोटोसकट माझी इंजिनिअर लेकही होती. काम मिळालं तर यम्ना रत्नागिरीहून माझ्याकडे राहायला येणार होती. मी गावी काढलेले सुट्ट्यांचे सगळे महिने जोडले तरी जन्मापासून ती मला तीन वर्षंही मिळालेली नाही. म्हातारपणी सहीसुद्धा तिनेच मोबाइलवर शिकवली. आज कारकुनाने दुसरं पाकीट बंदच परत दिलं. "खलास, चाचा. साइन करो." सही करतानाच फोन वाजला. "अब्बा, बॅग भरू ना?" "थांब, पोरी." मी कारकुनाला विचारलं, "बेटी का फोटो वापस मिलेगा?" "नहीं, वो इधर ही रहेगा." चला, तेवढी तरी ती इथे राहायला आली.