कथा कुणाची?

बालीगंजला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दिगंबर सान्यांनी स्वतःची कथा वाचली. सासरच्यांनी वाळीत टाकलेल्या बंगाली विधवेची. अध्यक्ष गहिवरले, टाळ्या थांबेनात. बँकेच्या बदलीवर आलेल्या या माणसाला अजून मासळीवाल्याशी बंगालीत बोलता येत नाही; शेजारीण म्हणून दुभाष्याचं काम माझ्याच गळ्यात. आणि म्हणे, काय तो बंगाली मनाचा अभ्यास!

मी उभी राहिले. "ही कथा माझी आहे."

साने हसले. "लीनाताई, तुम्ही कधीपासून लिहायला लागलात?"

"शब्दन् शब्द माझा आहे. चोरलीत तुम्ही."

"तोंड सांभाळून बोला!"

"चोराला चोरच म्हणणार. माझी कथा स्वतःच्या नावावर खपवताना लाज नाही वाटली?"

साने लालबुंद झाले. हातातले कागद माझ्याकडे नाचवत ओरडले, "तुमची कशी असेल? बंगाली मासिकाच्या पूजा अंकातली आहे ही! तुम्हीच तर मला मराठीत वाचून दाखवलीत!"



"बरोबर," खाली बसत मी म्हणाले. "माझीही नाही."