पेंगबुवा

"आज एक जरी मान डुलली, तर पुढच्या मुक्कामी उतरायचं. तिथं गाणारे महाराज पेटी घेऊन उभेच आहेत." यात्रेच्या मालकांनी बसच्या पायरीवरच बुवांना बजावलं.

बुवांनी मुकाट्यानं हो म्हटलं. दुसरं काय करणार? पुराणं त्यांना तोंडपाठ, सांगायची हौस दांडगी. पण आवाज असा, की कोमट दूध हळूहळू ओतावं. त्यांनी देवाचं नाव काढलं की ऐकणाऱ्याची हनुवटी छातीला टेकलीच. लोक त्यांना पाठीमागं पेंगबुवा म्हणत. तोंडावर म्हणायला कोणी जागंच राहत नसे. गेल्या यात्रेत बसचं मागचं चाक बसलं, तेव्हा क्लीनरनं शपथेवर सांगितलं होतं, हवा गेलेली नाही, चाकाला डुलकी लागलीय. ड्रायव्हर तर बुवा उभे राहिले की कानात कापूस कोंबायचा. मालकांची तशी सक्त ताकीदच होती.

पण बुवांना ही बस सोडली तर घर नव्हतं. बायको गेलेली, लेक दूर सासरी. देवाचे चार शब्द सांगावेत आणि कुणीतरी ऐकावेत, एवढ्यावर त्यांचं जगणं उभं होतं.

जेवणानंतरची वेळ. उन्हाची ऊबदार घडी प्रत्येकाच्या मांडीवर पडलेली. वरची दांडी धरून बुवा उभे राहिले आणि त्यांनी गजेंद्राची गोष्ट काढली.

मालकांची अट एव्हाना बसभर झाली होती. बुवा सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचे, त्यामुळं सगळ्यांनी कंबर कसली. निवृत्त मास्तरांनी दाताखाली मिरी धरली. मधल्या बाकावरच्या दोघी विहिणी एकमेकींना चिमटे काढू लागल्या, आणि त्या निमित्तानं लग्नातले मानपानही निघू लागले.

"अहो, मी जागी आहे."

"असू दे विहीणबाई, पुढच्या डुलकीचा आत्ताच काढून ठेवला."

"हत्ती बाहेर खेचतोय, मगर आत खेचतेय," बुवा सांगत होते. "हत्तीला वाटतं, मी जरा ढिला पडलो की संपलंच. म्हणून पापणी मिटत नाही बिचारा. देव काठावरच उभा आहे हो. पण हा म्हणतोय, मीच राखणार. मग देवानं हात घालावा कुठं? शेवटी सगळं बळ सरलं, तेव्हा त्यानं सोंड वर केली. म्हणाला, देवा, मी दमलो. आता तू जागा राहा."

आणि पहिल्याच बाकावरच्या आजींची मान सुनेच्या खांद्यावर पडली. पाठोपाठ घोरणं सुरू झालं. असं घोरणं, की खिडकीच्या काचा ताल धरू लागल्या.

बस श्वास रोखून बसली. मालकांनी सावकाश वळून पाहिलं. बुवांनी सुनेकडं आशेनं बघितलं: एक चिमटा, बाई, एकच. सून जागची हलली नाही. तेव्हा बुवांनी फळीवरची आपली पिशवी काढून खांद्याला लावली. बोल तो बोल, करार तो करार.

तोच सुनेनं त्यांच्या उपरण्याचं टोक पकडलं.

"थांबू नका बुवा," ती कुजबुजली. "आवाज थांबला तर जाग येईल त्यांना."

"अहो बाई, झोपल्यात त्या," मालक म्हणाले.

"तेच तर. मामंजी आजारी होते, तेव्हा या रात्र रात्र उशाशी जागायच्या. एकदा पहाटे डोळा लागला, आणि नेमके तेवढ्यात ते गेले. तेव्हापासून झोप नाही यांना. गोळ्या झाल्या, डॉक्टर झाले. आता देवाच्या पायावर घालायला निघालोय."

मालकांनी बुवांच्या खांद्यावरची पिशवी काढली आणि स्वतःच्या हातानं फळीवर ठेवली. मग ड्रायव्हरला गालाखाली तळवा धरून खूण केली. कानात कापूस असलेल्या त्या माणसाला आधी वाटलं, आपल्यालाच झोपायला सांगताहेत. उलगडा झाल्यावर मात्र त्यानं बस अशी हाकली, की खड्डेच बाजूला सरकून वाट देत होते म्हणतात.

बुवांचा हत्ती सुटला. बुवांनी त्याला परत तळ्यात घातला आणि परत सोडवला. कुणी कुरकुर केली नाही.

देवळाचा कळस दिसला. बस थांबली. एरवी उतरताना कोपराला कोपर लागायचं. आज कुणी उठलंच नाही. बाहेर दर्शनाची रांग लांबत होती आणि मालक स्वतः दारात हात आडवे करून उभे होते. गाणारे महाराज पेटी घेऊन पायरी चढू लागले, तर दोघी विहिणींनी ओठांवर बोट ठेवून त्यांना उलट्या पावली खाली उतरवलं. त्या दोघींचं एकमत झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

ऊन कलल्यावर आजींनी डोळे उघडले. दचकून त्या ताठ बसल्या.

"मला झोप लागली? अगं, कुणाला काही झालं नाही ना?"

"काही नाही, आई. सगळं जागच्या जागी आहे."

आजींनी एकेका चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. सगळे खरंच जागच्या जागी होते. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि घसा पार बसलेल्या बुवांकडं बघत विचारलं, "बुवा, त्या हत्तीचं काय झालं हो? सुटला का?"

"सुटला, आजी," बुवा म्हणाले. "हे काय, आत्ताच डोळे उघडले त्यानं."