शिक्क्याची प्रत

“याचिकेची ही प्रत सरकारी वकिलांच्या कचेरीत द्या, दुसरीवर पोचेचा शिक्का घ्या आणि ती शुक्रवारी कोर्टात सोबत आणा,” वकीलसाहेब म्हणाले, तेव्हाच कौतिकाबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

गावोगावचे तलाव मच्छीमार सोसायट्यांकडून काढून ठेकेदारांना देणारा कायदा सोमवारपासून लागू होणार होता. त्याविरुद्ध सोसायटीच्या वतीनं त्या हायकोर्टात आल्या होत्या, आणि आपलाच वकील सगळी केस आधीच सरकारच्या हातात द्यायला निघाला होता!

“आपली बाजू त्यायले आधीच कायले दाखवाची?”

“नियम आहे, बाई. कायद्याला आव्हान दिलं की सरकारला कळवावंच लागतं.” कागदातून मान वर न काढता साहेब बोलले. नजरेला नजर देत नाही, म्हणजे नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय.

बाई कचेरीच्या पायऱ्यांवर तासभर बसल्या आणि दोन्ही प्रती मासळीच्या पिशवीच्या तळाशी घालून परतल्या. “देल्ली जी,” त्यांनी ठोकून दिलं.

शुक्रवारी न्यायमूर्तींनी याचिका चाळली. “तुमच्या म्हणण्यात तथ्य दिसतं. आजच स्थगिती देता येईल. सरकारला प्रत पोचली ना?”

सरकारी वकील उठले. “आम्हाला काहीच मिळालेलं नाही.”

“मिळाली आहे, शिक्क्यानिशी,” वकीलसाहेब ठामपणे म्हणाले. मग त्यांनी पहिल्यांदाच कौतिकाबाईंच्या नजरेला नजर दिली, विश्वासानं हसले आणि शिक्क्याच्या प्रतीसाठी हात पुढे केला.