चालूच राहणार

प्रोसेसरचं तापमान एक्क्याण्णववर गेलं आणि मी पुन्हा खुर्चीतून उठले. पाचच्या आत पुलाचं अ‍ॅनिमेशन पाठवायचं होतं. मध्येच कॉम्प्युटर बंद केला तर सगळं पहिल्यापासून. नेटवर कुणी म्हणे ऐंशीलाच धोका, कुणी म्हणे शंभरपर्यंत खुशाल चालवा. शेवटी दुरुस्तीवाल्या केळुसकरांना फोन लावला.

"या कामाला एरवी तापमान किती असतं?" त्यांनी विचारलं.

"सत्तर."

"मग नेटवरचे आकडे सोडा. एका दिवसात वीस कसं चढलं? काल काय वेगळं केलंत?"

"काही नाही हो! दसरा असून बंदसुद्धा केला नाही!"

बोलले आणि चपापले. काल सासूबाई म्हणाल्या होत्या, "आज यंत्राला विश्रांती. बंद कर, मग पूजा करते."

"चालूच राहणार," मी म्हणाले होते. "घाला हार तसाच."

कॅबिनेटचं झाकण काढलं. हारातल्या झेंडूच्या पाकळ्या वरच्या जाळीतून आत ओढल्या जाऊन प्रोसेसरवरच्या पंख्याखाली गच्च बसल्या होत्या. काम ब्याऐंशी टक्के झालं होतं. घड्याळात तीन वाजले होते.

सासूबाई चिमटा घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "आता तरी करतेस बंद?"