समेटाचे मोदक

दोन अध्यक्ष डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना बसले होते आणि मधे चिवडा होता. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळाची दोन मंडळं झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, हेमचंद्र आणि अरुण एकमेकांशी बोलले नव्हते. त्याआधी दोघं अरेतुरेतले मित्र. आज मात्र 'आपण आधी बोला', 'छे छे, आपणच' यातच चहाची पहिली फेरी संपली. नमनालाच घडाभर तेल गेलं.

एकत्र बसण्याचं कारण पुण्याचं नाटक होतं. नाटकवाल्यांनी कळवलं होतं, शिकागोकडे एकच प्रयोग होईल, तुमचं काय ते आपसात मिटवा. भाषाप्रेमाला जे जमलं नव्हतं, ते नाटकाने करून दाखवलं.

फूट पडली होती ती गणपतीच्या नैवेद्यावरून. उकडीचे मोदक आपल्या माणसांच्या हातचेच हवेत, भले तीनशे पानं असोत, असं हृदयरोगतज्ज्ञ हेमचंद्रचं म्हणणं. केटररकडून आणू, असं चिप डिझाइनमध्ये जन्म घालवलेल्या अरुणचं. आवाज चढले आणि अरुण निम्मी माणसं घेऊन बाहेर पडला. मग हेमचंद्रच्या मंडळात मोदक वळायला पुरेशा बायकाच उरल्या नाहीत, तेव्हा त्यानेही गुपचूप त्याच केटररला फोन केला.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो, तो असा झाला. मोदकांच्या तयारीत जाणारे दोन्हीकडच्या बायकांचे शनिवार मोकळे झाले. हेमचंद्रच्या शैलजाने तर कॉलेजमध्ये शनिवारचा अमेरिकन इतिहासाचा वर्ग धरला. गणपतीच्या आदल्याच शनिवारी तिला तिथे उभं राहून बोलायचं होतं, जन्मात पहिल्यांदा इंग्रजीतून. विषय होता, यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, पुढे काय झालं. महिनाभर ती आरशासमोर बोलत होती आणि आरशालाही घाबरत होती.

टेबलावर भराभर ठरत गेलं. नाव जुनंच. मूर्ती दोन्ही, शेजारीशेजारी. विसर्जन एकत्र. उरलं अध्यक्षपद आणि उरले मोदक.

अरुणने चष्मा पुसला. अध्यक्षपद आमच्याकडे द्या, तो म्हणाला, मोदक तुमच्या पद्धतीने होऊ देत. हेमचंद्रने थोडा विचार केल्यासारखं दाखवलं आणि हात पुढे केला.

स्वयंपाकघराच्या दारात शैलजा चहाचा ट्रे घेऊन थबकली. तिच्यामागे अरुणची मृणालिनी होती. या दोघींनी तीन वर्षांत एक आठवडाही बोलणं चुकवलं नव्हतं.

"मोदक कोण करणार?" शैलजाने विचारलं.

"तुम्हीच की," दोन्ही अध्यक्ष एका सुरात म्हणाले.

शैलजाने ट्रे ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. मोदकांच्या तयारीत तो शनिवार गेला तर ती पुन्हा त्या वर्गात उभी राहणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"यादवी युद्धानंतर, अठराशे सत्त्याहत्तरमध्ये, इथे असंच झालं होतं," ती म्हणाली. "उत्तरेने देशाचं अध्यक्षपद घेतलं. दक्षिणेला सांगितलं, आम्ही सोल्जर्स काढून घेतो, तुमच्याकडे काय करायचं ते तुम्ही करा. शेकहँड झाला. ज्यांना नुकतं फ्री केलं होतं त्यांना कुणी विचारलंच नाही."

"अगं, मोदक कुठे आणि गुलामगिरी कुठे," हेमचंद्र म्हणाला.

"दोन्ही एक नाहीतच. माझ्या वर्गात त्या लोकांच्या खापरपणत्या बसतात, त्यांच्यासमोर असलं बोलायची मला लाज वाटेल. मी फक्त शेकहँडबद्दल बोलतेय, अहो. तो मी आत्ता बघितला."

अरुणने विचारलं, पुढे काय झालं.

"पुढे निस्तरायला शंभर वर्षं लागली, भावोजी. अजून चाललंय."

परंपरा म्हणून काही असते, असं हेमचंद्र पुटपुटला. असतेच, असं म्हणत मृणालिनी आत गेली आणि परात घेऊन आली. समेट झालाच तर तोंड गोड करायला शैलजाने सकाळीच सारण केलं होतं, आणि उकड आत्ता काढली होती. दोघींनी परात अध्यक्षांच्या मधे ठेवली, तेलपाण्याची वाटीही ठेवली. गार व्हायच्या आत वळा, एवढंच सांगितलं.

हेमचंद्रने बाह्या सरसावल्या. आयुष्यभर लोकांच्या हृदयात बारीक तारा घातलेला माणूस तो, मोदकाची काय मिजास. अरुणने पारीची जाडी डोळ्यांनी मोजली. बायकांनी चहा घेतला, गरम असताना.

मोदकपात्राचं झाकण उघडलं तेव्हा एकाही मोदकाला नाक उरलं नव्हतं. सगळ्यांनी तोंडं वासली होती, गूळ खालच्या पाण्यात उतरला होता, आणि कुठला मोदक कुठल्या मंडळाचा हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

हेमचंद्रने चमच्याने एक उचलला, तो निम्मा आतच राहिला. "अरुण," तो म्हणाला, "त्या केटररचा नंबर आहे ना रे तुझ्याकडे?"

"तुझ्याकडेही आहे, हेम्या. तुझी ऑर्डर तो मला दर वर्षी सांगतो."

शैलजाचं तिकडे लक्ष नव्हतं. फ्रिजला पाठ लावून ती मृणालिनीसमोर उभी होती, हात कुठे ठेवावेत ते न कळून पदराशी चाळा करत.

"द वॉर वॉज ओव्हर," ती म्हणाली आणि अडखळली. मग मृणालिनीकडे बघून हसली. "इथपर्यंत येतं गं. पुढचंच अवघड जातंय."